देवमाशाची शेपटी

आमच्या साडूंइतका छळवादी माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही. शेजारच्या परभणी-नांदेडात कुणी निघालाच, तर त्याला खुशाल वसमतला आणावं. मी त्याची आणि साडूंची गाठ घालून देईन आणि स्वतः औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघून जाईन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं ज्याने शोधून काढलं त्याला भर चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे. भाऊ म्हणावा तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही, आणि धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी दोन्ही जावयांना शेजारी शेजारी पाटावर बसवलं की उठून जायचीही सोय नाही. तो महिना तीन वर्षांतून एकदाच येतो ही त्या नागनाथाचीच कृपा. मी वसमतच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. साडूंचं शिरड शहापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. मधे एसटीचा तासाभराचा रस्ता आहे आणि तो मला कधीच पुरलेला नाही.

तुलना हे त्यांचं व्यसन. लोक तंबाखू मळतात, हे दोन गोष्टी घेऊन मळत बसतात. बरं, त्या गोष्टीही सरळ नसतात. दोन बैल, दोन गावं, दोन सुना यांची तुलना कुणीही करतं. साडूंना त्यात कमीपणा वाटतो. "हळदीपुढं हळद ठिवून अडत्याबी सांगतो चांगली कोणती," ते म्हणतात, "अक्कल लागती ती लांबच्या दोन गोष्टी ताडून बगायला." म्हणून त्यांनी एकदा माझी तुलना आमच्याच बैठकीतल्या पंख्याशी केली. मी शिक्षकांच्या बदल्यांवर तावातावाने बोलत होतो. ते वर बघून म्हणाले, "तुमचं आन् याचं एकच हाये साडूभाऊ. आवाज जास्ती, वारा कमी." माझी बायको हसली. स्वतःची बायको! सासूबाईंच्या पुरणाच्या धोंड्यांची तुलना त्यांनी भर पंगतीत आमच्या नव्या बसस्टँडशी केली होती. बाहेरून फुगीर आणि आत काही नाही, असा एकूण मथितार्थ. सासूबाई आठवडाभर धुसफुसत होत्या, आणि त्यांच्याऐवजी बोलणी मला बसली, कारण मला ठसका लागला होता.

या व्यसनाला दुसरं एक जोडून होतं. कुणी काही चुकीचं बोललं की यांच्या पोटात दुखायला लागायचं. मी अलंकारिक बोलत नाहीये, खरोखर कळवळून उठायचे. गावातले एक म्हातारे गुरुजी वारले तेव्हा शोकसभेत एक पुढारी गहिवरून सांगत होता, "झोपेतच त्यांची प्राणज्योत मालवली." मागच्या सतरंजीवरून आवाज आला, "झोपेत न्हाई, जेवून हात धूत होते." सगळी सभा मागे वळली. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, मी त्यांचा साडू आहे हे गावाला ठाऊक होतं. मान खाली घालण्याखेरीज काय करणार? बाहेर आल्यावर मी त्यांना झाडलं. म्हटलं, काही काळवेळ आहे की नाही? तर उलट माझ्यावरच चिडले. "आता गुरुजी सवता येऊन सांगणार हायेत का? मंग कोण सांगावं?"

अशा माणसाने फवारणीच्या औषधांचं दुकान काढावं! शेतकरी दारात येऊन म्हणायचा, तुडतुडे पडलेत, कडक औषध द्या. साडू आधी त्याची उलटतपासणी घ्यायचे. पानाच्या खाली किती, वर किती, बांधाला पाणी आहे का, पाण्यावर टाचण्या आहेत का. टाचणी म्हणजे तो चतुरासारखा दिसणारा, पण काडीसारखा बारीक किडा. बसला की पंख पाठीवर मिटून घेतो. त्या आहेत म्हटलं की साडू बाटली परत कपाटात ठेवायचे. "काहून मारता? त्या खाऊन राहिल्या न् तुडतुडे. आठ दिवस दम धरा." शेतकरी दम धरायचा, तो वसमतला जाऊन दुसऱ्या दुकानातून बाटली घेईपर्यंत. आमच्या मेहुणीबाई, म्हणजे अक्का, कपाळाला हात लावून म्हणायच्या, "हे तळ्याकडं गेले म्हंजे माझी दोन गिऱ्हाइकं होतात बापा." दुकान चाललं ते अक्कांमुळे आणि साडूंच्या गैरहजेरीमुळे.

तळ्याकडे ते रोजच जायचे. गावामागे जुनं तळं आहे. त्याच्या उगवतीच्या कोपऱ्यात लव्हाळं, पाणगवत आणि कमळासारख्या पानांची गिचमिड होती. तिथे हळदीसारख्या पिवळ्याजर्द टाचण्या असायच्या. दुकानातला प्लॅस्टिकचा स्टूल घेऊन साडू तिथे बसायचे आणि पाहुण्यांनाही बसवायचे. मला एकदा पुरणपोळी खाल्ल्यावर भर उन्हात नेलं. एका पानावर टाचणीची जोडी होती. मादी पाण्यात शेपूट बुडवून पानाला अंडी चिकटवत होती आणि नर शेपटीच्या टोकाने तिची मान धरून तिच्यावर काठीसारखा ताठ उभा होता. "बगा," साडू कुजबुजले, "अंडी टाकून व्हईपर्यंत सोडत न्हाई. तुमी बाळंतपणाला दवाखान्यात होते का?" मी नव्हतो, दहावीचे पेपर तपासत होतो, आणि हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण खरं सांगतो, तिथे बसलेले साडू वेगळेच दिसायचे. त्यांचा सगळा तिखटपणा त्या पाण्याच्या कडेला उतरून जायचा, आणि बाळ झोपलेल्या घरात बोलावं तसे ते हलके हलके बोलायचे.

आणि मग गावाला देवमासा मंजूर झाला. तुम्हाला खोटं वाटेल, मलाही वाटलं होतं. सरपंचबाईंचे यजमान कुठल्याशा मोठ्या शहरातली बाग बघून आले होते. सरपंच बाई आहेत, पण गाव यजमानांनाच सरपंचसाहेब म्हणतं, बाई फक्त सहीपुरत्या. त्या बागेत सिमेंटचा मोठा देवमासा होता आणि त्याच्यातून कारंजं उडत होतं. झालं! तळ्याचं सुशोभीकरण निघालं. चारी बाजूंनी सिमेंटच्या पायऱ्या, वर फरशी, आणि काठाला लागून पाण्यात ओट्यावर निळा देवमासा. मला सांगा, ज्या गावात निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, ज्या तळ्याला उन्हाळ्यात तळ दिसतो, तिथे देवमासा कशाला? नंदी बसवा, हळदीचा कंद बसवा, नाहीतर काहीच बसवू नका! पण नाही. शेजारच्या गावाने बगळा बसवला होता ना, मग आपला प्राणी त्याहून मोठा पाहिजे. पृथ्वीवर याहून मोठा प्राणी नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

साडूंच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता की सिमेंटच्या पायऱ्या चारी बाजूंनी आल्या तर तो गवताचा कोपरा जाणार, आणि गवत गेलं की टाचणीने अंडी घालायची कुठे? ग्रामसभेला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तुमी मास्तर हाये, तुमच्याकडं बघून तरी लोक गप्प बसतील," म्हणाले. कुणीही गप्प बसलं नाही. साडू उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी तुलना केली. "देवमासा शंभर फुटी, टाचणी दीड इंचाची, कबूल! पर देवमाशाला दम घ्यायला पाण्याच्या वर यावं लागतं. टाचणीचं लेकरू पाण्यातच, शेपटाकडून दम घेतं. हाये का कोणाची ताकद? देवमासा लेकराला दूध पाजतो, मान्य हाये. टाचणीचं लेकरू अंड्यातून निघाल्यापासून आपल्या हिमतीवर डासाच्या अळ्या मारून खातं. आता मला कोणी सांगा, या गावातला एक तरी डास देवमाशानं खाल्ला का?" सभा खदाखदा हसत होती. सरपंचसाहेब म्हणाले, "भाऊ, तुमचं समदं बराबर हाये. पर टाचणीचा पुतळा बसवला तर कारंजं काढायचं कुठून?" मग तर लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. मला इतका राग आला की मी उठून तीन-चार जणांना हायस्कुलातल्या आवाजात "बसा खाली" म्हटलं आणि ते सवयीने बसलेही, कारण ते माझे जुने विद्यार्थी होते.

कोपरा वाचला, पण तो साडूंच्या भाषणाने वाचला नाही. तांड्यावरची एक आजी उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "चारी बाजूनं पायऱ्या करता, मंग आमची जनावरं पाण्यात कुठून उतरवावी? म्हैस काय पायऱ्या मोजत उतरती का?" गुरांचं नाव निघाल्याबरोबर सगळे गंभीर झाले. उगवतीची बाजू कच्चीच ठेवायची, असं तिथल्या तिथे ठरलं. एका कडेने गुरांची वाट, आणि तिच्या शेजारी ते गवत जसं होतं तसं. साडूंनी आनंद मानावा की नाही? छे! परत येताना रस्ताभर फणफणत होते. "म्हशीमुळं वाचली. टाचणीसाठी म्हून एक हात वर न्हाई झाला." मी म्हटलं, वाचली ना, मग झालं तर. तर म्हणाले, "कारण चुकीचं हाये, साडूभाऊ."

देवमासा घडवायला वसमतचे एक मिस्त्री आले. गाव त्यांना चाचा म्हणायचं. देवळांच्या कमानींवरचे नंदी घडवण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. मोबाइलवरचा फोटो बघून त्यांनी देवमासा उभा करायला घेतला, आणि पंधरवड्यात त्याला वशिंड फुटलं. गळ्याखाली बैलासारखी पोळी लोंबायला लागली. डोळे टपोरे झाले आणि त्यांना पापण्या आल्या. साडूंनी ठरवलं होतं त्या बाजूला फिरकायचंच नाही. देवमाशाशी त्यांचं वैर होतं. पण पापण्या बघितल्यावर त्यांना राहवेना. स्टूल उचलून ते सरळ ओट्यापाशी गेले. "चाचा, याला वशिंड काहून?" चाचा म्हणाले, "साब, अपन तो नंदी बनानेवाले लोगां. हात आपोआप जातो तिकडं." त्या दिवसापासून साडू देवमाशाचे मुकादम झाले. वशिंड उतरवलं, पोळी छाटली, पापण्या खरवडल्या. कारंज्याचा पाइप चाचांनी तोंडात बसवला होता, तो काढून डोक्यावर न्यायला लावला, कारण देवमासा नाकाने फवारा सोडतो आणि त्याचं नाक डोक्यावर असतं. अक्का फोनवर माझ्या बायकोला सांगत होत्या, "आता हे त्या मेल्या माशाला आंघोळ घालायचे तेवढे राहिलेत." मी मनातून खूश होतो. म्हटलं, शत्रूचा का होईना, पण संसार नीट लागतोय.

मग शेपटीची वेळ आली. चाचांनी ती माशासारखी उभी केली. साडूंनी बघितल्याबरोबर सांगितलं, देवमासा म्हणजे मासा नव्हे. त्याची शेपटी आडवी असते, सुपासारखी दोन्ही बाजूंना पसरलेली. चाचांनी खळखळ केली नाही, भला माणूस. म्हणाले, "आडवी करतो की साब. पण मग ती ओट्याच्या बाहेर पसरंल. खाली पाया पाहिजे. एवढं गवत मुरमानं भरून घ्या, चिखलात पाया धरत न्हाई." शेपटीचं टोक नेमकं त्या गवताच्या कोपऱ्याकडे होतं. सरपंचसाहेब शेजारीच उभे होते, ते लगेच खूश होऊन म्हणाले, "करून टाका! गुरांची वाट राहू द्या, नुसतं गवत तर हाये. भाऊ, तुमी जाणकार. तुमी म्हणाल तसं. सांगा, शेपटी बराबर हाये का चुकली?"

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. त्यांनी हे सगळं सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? "उद्या सांगतो म्हणालो." साडूंनी एखाद्या चुकीला उद्यापर्यंत थांबवलं, हे मी जन्मात प्रथमच ऐकत होतो. मी रागावून म्हटलं, त्यात विचार कसला करायचा? राहू द्या उभी! ते म्हणाले, "तसं न्हाई साडूभाऊ. शाळेतली लेकरं बघतील. त्याईला वाटंल अशीच असती. ती मोठी झाली तरी तेच डोक्यात राहील." त्यांचा आवाज पडला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी काय सांगितलं हे मला कळलंच नाही, मी विचारलंही नाही.

कळलं ते उद्घाटनाला. दिवाळी होऊन गेली होती. मंडप, स्पीकर, शाळेची मुलं रांगेत. तळ्यात निळाशार देवमासा, डोक्यावरून कारंजं, आणि मागे उभी शेपटी, झेंड्यासारखी. सरपंचसाहेबांनी माइकवर साडूंचं नाव पुकारलं. आपल्या गावचे जाणकार, ज्यांच्या देखरेखीखाली हा देवमासा तंतोतंत तयार झाला, ते दोन शब्द सांगतील. तंतोतंत! मी जागच्या जागी घामाघूम झालो. साडू उठले. माइकपाशी जाऊन त्यांनी आधी मुलांकडे बघितलं, मग देवमाशाकडे. मागच्या रांगेत कुणीतरी खोकललं. "देवमासा," ते म्हणाले, "पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी हाये. आपल्या चाचांनी लई मेहनत घेतली. डोळा बराबर, नाक बराबर." ते थांबले. "शेपटीबी बराबर हाये." टाळ्या वाजल्या. ते खाली आले आणि माझ्या शेजारी बसले.

मंडप रिकामा झाल्यावर मी त्यांना धरलं. खरं तर मी भांडायलाच निघालो होतो. आमच्या धोंड्यांना सोडलं नाहीत, मेलेल्या गुरुजींना सोडलं नाहीत, आणि एवढ्या मुलांसमोर असं सांगता? ते कोपऱ्यातल्या गवताकडे बघत होते. "साडूभाऊ, देवमाशाची शेपटी समुद्रात आडवीच हाये. इथं उभी केली म्हून त्याला काय तकलीफ? हिला मातर एवढंच घर हाये." लव्हाळ्याच्या पात्यावर एक पिवळी टाचणी बसली होती, पंख मिटून. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही दुकानाकडे चालत गेलो.

इथे ही हकिकत संपली असती तर मी ती कौतुकाने सांगितली असती. पण माझा संताप पुढचाच आहे. त्या दिवसापासून साडू चुका काढेनासे झाले. संक्रांतीला वसमतला आले. माझी बायको घाईत चहात साखर घालायची विसरली. त्यांनी सगळा चहा पिऊन "छान झाला" म्हटलं. ती स्वयंपाकघरात जाऊन म्हणाली, "दाजींची तब्येत बरी नाही का हो?" टीव्हीवर कुणीतरी धडधडीत चुकीचं सांगत होता, हे मान डोलवत होते. मी शेवटी मुद्दाम बदल्यांचा विषय काढला, आवाज चढवला, हातवारे केले, अगदी पंख्याखाली उभा राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "व्हय, तुमचं बराबर हाये." माझं बराबर आहे! इतक्या वर्षांत या माणसाने मला हे कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते असं. अक्का सांगतात, शाळेची मुलं देवमासा बघायला आली की ते दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसतात.

परवा रविवार होता. मी पहिल्या एसटीने गेलो आणि त्यांना बळंच तळ्यावर घेऊन आलो. कारंज्याची मोटार बंद होती, पाणी स्थिर होतं, आणि कोपऱ्यात इतक्या पिवळ्या टाचण्या होत्या की पानं दिसेनात. साडू स्टूलवर बसले, मी शेजारी दगडावर. मी एका जोडीकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "काय सुंदर चतुर आहेत हो!" ते म्हणाले, "व्हय." मी म्हटलं, हे बहुतेक फुलातला मध पीत असतील. "पीत असतील." मी म्हटलं, देवमासा अंडी घालतो, असं परवा आमच्या वर्गात मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ किंचित हलले. मी श्वास रोखून वाट बघितली. मग त्यांनी मान पुन्हा पाण्याकडे वळवली, आणि मी, हायस्कुलातला जुना मास्तर, ऊन डोक्यावर येईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून एकामागून एक चुका करत राहिलो.